जिवंत भेग आणि मेलेली भेग: सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या कचेरीचं प्रकरण

२०१९ च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या तहसील कचेरीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला. निर्लेखन म्हणजे सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून इमारत कमी करणं. ते एकदा झालं की पुढचा टप्पा पाडकामाचा. प्रस्तावात चार कारणं होती. इमारत १८६५ सालची, म्हणजे दीडशे वर्षांची झाली. पूर्वेच्या भिंतीला कोयनेच्या भूकंपात तडा गेला आहे. भिंतींना छातीपर्यंत ओल आहे आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. अभिलेख कक्षाची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, एका कोपऱ्यात खाली आली आहे. सबब इमारत पाडून तिथंच आरसीसी प्रशासकीय भवन बांधावं.

सही होण्याआधी दगड-चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या कुणाकडून तरी एकदा तपासणी करून घ्यावी, असं एका अधिकाऱ्यांनी सुचवलं आणि प्रकरण माझ्याकडे आलं. गावाचं नाव इथं देत नाही, कारण कचेरी आजही वापरात आहे आणि या कामातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. झालेला प्रकार मात्र जसा घडला तसा सांगतो. असे प्रस्ताव पश्चिम महाराष्ट्रात दरवर्षी तयार होतात आणि त्यातली कारणं वाचली तर फाईल कुठल्या तालुक्याची हे ओळखता येऊ नये, इतकी ती सारखी असतात.

इमारत

आधी इमारत नीट बघू. काळ्या पाषाणाची, एकमजली, इंग्रजी 'ई' अक्षरासारखी. मधे मोठं दालन, दोन्ही टोकांना पुढे आलेले खण, आणि समोर सलग ओसरी. ओसरीचे सागवानी खांब दगडी उथाळ्यांवर उभे आहेत. बाहेरचा दगड घडीव आहे आणि थर एका ओळीत चालतात. कोपऱ्याचे चिरे एकाआड एक लांब-आखूड बसवलेत. भिंतींची जाडी अडीच फुटांच्या आसपास. छप्पर सागवानी कैच्यांवर, म्हणजे छपराचं वजन पेलणाऱ्या तिकोनी चौकटींवर, त्यावर मंगळुरी कौलं. दालनाच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोके आहेत. एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करून बसलं तरी गरम हवा वरून निघून जाताना जाणवते. खजिन्याच्या खोलीला खिडकी नाही, दोन दारं आहेत, एकामागे एक. तिला लागून कोठडी.

ओसरीवर अजूनही मुद्रांक विक्रेते आणि अर्ज लिहून देणारे बसतात. पायरीच्या दगडांना मधोमध खोलगट झीज आली आहे, तीही एकाच बाजूला जास्त. सातबारा आणि फेरफाराचं काम पूर्वी त्या बाजूच्या खिडकीवर चालायचं, असं जुने लोक सांगतात. नकाशात न सापडणारी माहिती अशी जमिनीवर सापडते.

आता सालाबद्दल. १८६५ हे साल आलं कुठून, हे शोधायला वेळ लागला नाही. छपरावरून उतरवलेल्या जुन्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशन टाइल वर्क्स हे नाव आणि १८६५ असा ठसा होता. कुणीतरी तोच आकडा इमारतीचं साल म्हणून उतरवला, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तो तसाच चालत आला. १८६५ हे मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याचं स्थापनेचं साल. मंगळुरी कौल घाटावर सर्रास आलं ते रेल्वे आल्यावर. इमारतीची धाटणी, कैच्यांचे लोखंडी पट्टे आणि खिडक्यांची मापं पाहता ही कचेरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतली असावी, असं मी अहवालात लिहिलं. चुकीच्या सालानं इमारत पडत नाही हे खरं. पण ज्या फाईलमध्ये साल तपासलं गेलं नाही, त्या फाईलमधलं तड्याचं कारण तरी कुणी तपासलं असेल, असं मला वाटेना.

कचेरी म्हणजे काय

या जिल्ह्यात सरकारी इमारतीचा इतिहास थोडा वेगळा आहे. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळात जुना राजवाडा उभा राहिला, त्यांच्यानंतर शहाजी ऊर्फ आप्पासाहेबांच्या वेळी नवा राजवाडा. १८४८ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि त्यानंतर राजवाडे सरकारी कामाला लागले. कोर्ट तिथंच भरायला लागलं, शाळा तिथंच सुरू झाली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव ज्या सरकारी शाळेत दाखल झालं, ती राजवाड्यातली शाळा. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. सांगलीतही राजवाड्याच्या आवारात वर्षानुवर्षं सरकारी कामकाज चाललं. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी सत्ता जुन्या वास्तूंत जाऊन बसली, आणि तालुक्याच्या गावी तिनं स्वतःसाठी नव्या कचेऱ्या बांधल्या. सार्वजनिक बांधकाम खातंच मुळी डलहौसीच्या काळातलं, १८५४ चं. तालुक्याच्या कचेऱ्या त्या खात्याच्या आखणीतून उतरल्या, आणि बांधल्या मात्र इथल्याच पाथरवटांनी, गवंड्यांनी आणि सुतारांनी.

आणि पुढे १९४२ आलं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग होता. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथं लोक कचेरीवर तिरंगा लावायला चालून गेले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला, माणसं गेली. प्रतिसरकारची चळवळ त्यानंतरची. जुनी दगडी कचेरी ही इथल्या माणसाला परक्या सत्तेची खूण वाटत होती आणि त्याच कचेरीच्या पायऱ्यांवर लोकांनी आपला हक्क सांगितला. म्हणून अशी इमारत 'ब्रिटिशकालीन' या एका शब्दात गुंडाळून पाडायला निघणं मला पटत नाही. हे मत अहवालात लिहायला जागा नव्हती. अहवालात भिंतीबद्दलच लिहायचं होतं, आणि ते बरंच झालं, कारण भिंत स्वतःच बोलायला तयार होती.

दोन भेगा

पूर्वेच्या भिंतीतली भेग कुणीही दाखवी. खिडकीच्या कमानीपासून वर छपरापर्यंत तिरकी गेलेली, सिमेंटनं भरलेली, वर रंग. शिपाईमामा म्हणाले, "ही सदुसष्टची. माझे वडील इथंच होते नोकरीला. पहाटे सगळं गाव अंगणात होतं." ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंप या भागात कुणाला सांगावा लागत नाही. तीव्रता साडेसहाच्या आसपास, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली. पाटण-जावळीकडच्या कुठल्याही जुन्या घरात भिंतीला तडा दिसला की तो कोयनेच्या नावावर जातो. बऱ्याचदा ते खरंही असतं. इथंही ते खरं होतं.

प्रश्न असा की तडा अजून हलतोय का? हलणारी भेग जिवंत, थांबलेली मेलेली. हे डोळ्यांनी कळत नाही, पण तपासायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवायची, बाजूला तारीख लिहायची आणि वाट बघायची. भिंत किंचित जरी हलली तरी काच फुटते. भेगेच्या कडाही बोलतात. पूर्वेच्या भेगेतला सिमेंटचा भराव एका ठिकाणी उकरला तेव्हा आत जुन्या चुन्याच्या सफेदीचे थर दिसले, कडा बोथट झालेल्या आणि धूळ बसलेली. म्हणजे भेग पडल्यानंतर कितीतरी वेळा तिच्यावरून सफेदी फिरली होती आणि तरी ती पुन्हा उघडली नव्हती.

दुसरी भेग मात्र कुणी दाखवली नाही, कारण ती कुणाला दिसत नव्हती. अभिलेख कक्षाच्या नैऋत्य कोपऱ्यात लोखंडी मांडण्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या आणि त्यांवर दप्तराचे रुमाल छतापर्यंत रचलेले. लाल कापडात बांधलेले ते गठ्ठे, काहींत मोडी कागद. खालच्या फळीवरचे रुमाल हाताला दमट लागत होते. ते हलवायला सांगितलं तेव्हा कारकून नाखूश होते, आणि त्यांचं बरोबर होतं. एकदा विस्कटलेलं दप्तर पुन्हा लावायचं म्हणजे महिन्याचं काम. तहसीलदारांनी स्वतः उभं राहून मांडण्या हलवून घेतल्या. मागे भिंतीत कोपऱ्यापासून हातभर अंतरावर भेग होती. खाली केसाएवढी, वर जाईल तशी रुंद, आणि वरच्या टोकाला करंगळीचं टोक आत जाईल एवढी. कडा स्वच्छ, दगडाचा ताजा काळा रंग. सफेदीचा मागमूस नाही. तक्तपोशी खाली आली होती ती नेमकी याच कोपऱ्यात.

दोन्ही भेगांवर काचपट्ट्या लावल्या. पुढचा पावसाळा २०१९ चा होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तो पावसाळा. ऑगस्टच्या मध्याला पाऊस ओसरल्यावर पाहिलं, तर पूर्वेच्या भेगेवरच्या सगळ्या काचा शाबूत होत्या. नैऋत्य कोपऱ्यातली वरची काच सरळ रेषेत तडकली होती, खालची अखंड. म्हणजे कोपरा खचत होता आणि खचताना बाहेर कलत होता, म्हणून भेग वर रुंद. प्रस्तावात जिचं नाव होतं ती भेग पन्नास वर्षांपूर्वीच थांबलेली. जी इमारतीला खरोखर धोका देत होती, तिचा फाईलमध्ये उल्लेखच नव्हता. तशीच दुरुस्ती काढली असती तर पैसा पूर्वेच्या भिंतीत गेला असता आणि पश्चिमेचा कोपरा पुढच्या एखाद्या पावसात सुटला असता. त्या दिवशी दप्तरखान्यात उभा असताना मला या कामाची खरी भीती वाटली.

पाणी

कोपरा का खचला? त्याच्या बाहेर, भिंतीला चिकटून, मागाहून बांधलेला आरसीसी स्वच्छतागृहाचा गाळा होता. त्याच्या स्लॅबचं पाणी थेट जुन्या भिंतीवर. छप्पर आणि स्लॅब जिथं मिळतात तिथली पन्हळ गंजून फुटलेली. उतरतं पाइप गुडघ्याएवढ्या उंचीवर तुटलेलं, त्यामुळे छपराच्या त्या बाजूचं सगळं पाणी पायाशी. शोषखड्डा भिंतीपासून दोन पावलांवर. खोदून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी झाली. बाकी इमारत घट्ट मुरुमावर उभी आहे, पण हा कोपरा जुन्या ओघळाच्या भरावावर येतो. बांधणाऱ्यांना ते माहीत होतं. त्यांनी पाया तिथं रुंद केलेला सापडला, आणि बाहेरून दगडी गटार काढून पाणी लांब नेलेलं. ते गटार होतं तोवर कोपरा शंभरेक वर्षं जागचा हलला नाही.

गटार गेलं कुठं? पेव्हर ब्लॉकखाली. आवार सुशोभित करताना खडीचा थर टाकून ब्लॉक बसवले आणि आवाराची पातळी जोत्याच्या निम्म्यावर आली. उतार कचेरीकडे. आधीचं जोतं दोन फूट उंच होतं. घडीव दगडाची ती पट्टी उंचीसाठी नव्हती, भिंतीचं पाणी तोडण्यासाठी होती. तिचा निम्मा भाग मातीत गेल्यावर ओल दगडाच्या सांध्यांतून वर चढली.

वर चढलेली ओल बाहेर पडायची सोय पूर्वी होती. चुन्याचे सांधे आणि चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंतीनं घेतलेलं पाणी हिवाळ्यात-उन्हाळ्यात सावकाश वाफ होऊन निघून जातं. इथं आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा होता, वर ऑइल पेंट. बाहेर दगडांच्या सांध्यांत सिमेंटच्या फुगीर पट्ट्या. ओलीला दोन्ही बाजूंनी वाट बंद. ती मग जिथं सिमेंट संपतं तिथं, छातीच्या उंचीवर बाहेर यायची. पाणी उडून जातं, त्याच्यासोबत आलेले क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक गिलाव्यामागे फुगतात आणि पोपडे पडतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणं म्हणतात. दरवेळी लोणा लागला की त्याच्या वरपर्यंत सिमेंट चढवायचं, आणि पुढच्या खेपेला लोणा आणखी वर. भिंतीवर तीन वेगवेगळ्या काळातल्या गिलाव्यांच्या रेषा पायरीसारख्या दिसत होत्या.

इथं मला सिमेंटवर राग काढायचा नाही. नव्या इमारतीत ते हवंच. पण भारतात सिमेंटचं उत्पादन रुळलं ते १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यापासून. त्याआधीची अशी घडीव दगडी भिंत बहुधा चुन्याच्या स्वभावाला धरून बांधलेली असते. तिच्यात दगडापेक्षा सांधा मऊ असतो आणि भिंत थोडी हलली तर सांधा ते पोटात घेतो. दगडाहून कडक सांधा भरला की दगडाच्या कडा फुटायला लागतात. या कचेरीच्या पश्चिमेच्या भिंतीत सिमेंटच्या पट्ट्यांलगत दगडांच्या कडांचे टवके निघालेले होते, आणि चुन्याचे जुने सांधे राहिले होते तिथले चिरे धारदार.

अंदाजपत्रक

कारण कळलं, पण खरी अडचण पुढे होती. दुरुस्तीचं अंदाजपत्रक दरसूचीतल्या, म्हणजे ठरलेल्या दरांच्या सरकारी यादीतल्या, बाबींवर बनतं. शाखा अभियंत्यांच्या हाताशी असलेल्या दुरुस्तीच्या बाबी म्हणजे सिमेंटचा गिलावा, सिमेंटनं सांधे भरणं, ग्राउटिंग (भेगांत पातळ मिश्रण भरणं), वॉटरप्रूफिंग. चुन्यासाठी दर पृथक्करण करून, म्हणजे साहित्य आणि मजुरीच्या हिशेबातून दर काढून, त्याचा आधार जोडून, वेगळी मान्यता घ्यावी लागते. घाईत असलेला माणूस हे करत नाही, आणि त्याला दोष देऊन उपयोगही नाही. लेखापरीक्षणात प्रश्न आला तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं. या कचेरीवर पूर्वी जे सिमेंट चढलं, ते कुणी वाईट हेतूनं चढवलेलं नव्हतं. कागदावर दुसरा पर्यायच लिहिलेला नव्हता.

म्हणून आम्ही आधी तो पर्याय लिहिला. घनमीटरला चुना किती, सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) किती, मजुरी किती, चुना विरवायला लागणारे दिवस कुणाच्या खात्यात, हे सगळं उपअभियंत्यांसोबत बसून मांडलं. निविदेत दोन अटी घातल्या. पहिली, काम सुरू करण्याआधी मागच्या भिंतीवर गिलाव्याचा नमुना करून दाखवायचा आणि तो मान्य झाल्यावरच पुढे जायचं. दुसरी, चुन्याचं काम केलेला मिस्त्री जागेवर असला पाहिजे. दुसऱ्या अटीवर बरीच चर्चा झाली, कारण असा मिस्त्री मिळणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. वाईकडच्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीवर काम केलेला एक मिस्त्री मिळाला. वयानं साठीच्या पुढचा, बोलणं कमी.

भूकंपाचा प्रश्न बाजूला ठेवता येत नव्हता. कोयनेचा परिसर २००२ च्या भारतीय मानकाप्रमाणे भूकंपाच्या चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात येत होता. ज्यांना इमारत पाडायची होती त्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा होता आणि त्याला तसंच भक्कम उत्तर द्यायला हवं होतं. जाड दगडी भिंत एकसंध नसते. आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती, पोटात खडी-चुन्याचा भराव. धक्क्यात या दोन भिंती एकमेकींपासून सुटतात आणि बाहेरची फुगून कोसळते. १९९३ मध्ये किल्लारीला हेच झालं. तिथं तर गोल दगड आणि मातीचा सांधा होता. उपाय मानकात लिहिलेला आहे. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामाबद्दलचं भारतीय मानक, आयएस १३८२८, सांगतं की भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरच्या थराला आणि आडव्या अंतरात १.२ मीटरच्या आत हवेत. आम्ही भिंत जागोजाग उघडून पाहिली. जुन्या पाथरवटांनी आरपार दगड घातलेले होते, जवळपास याच अंतरावर, फक्त खिडक्यांच्या वर ते विरळ होते. पूर्वेची भिंत १९६७ मध्ये तडकली ती खिडकीवरच. ही भिंत तेव्हा का पडली नाही आणि नेमकी तिथंच का तडकली, या दोन्हींचं उत्तर त्या दगडांत होतं. अहवालातलं हे पान वाचल्यावर चर्चा पाडण्यावरून बळकटीकरणावर आली.

काम

जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली आणि लगेच मार्चअखेरचा घोर लागला. सरकारी पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो आणि चुन्याला घाई चालत नाही. आवाराच्या मागे हौद खणून कळीचा चुना विरवायला टाकला. पाण्यात पडल्यावर तो उकळतो, वाफ येते, खडे फुटून लोण्यासारखी घोटीव कळी होते. मग ती पाण्याखाली मुरू द्यायची. कंत्राटदाराला पंधरा दिवसांत गिलावा सुरू करायचा होता. मिस्त्रीनं हौदातून करणीभर चुना घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाला, "आजून खर लागतोय. आत न विरलेलं खडं हायती. आत्ता लावला तर भितीवर फुटंल." कंत्राटदार म्हणाला, "मग थोडं सिमेंट मिसळू, धरेल लवकर." हे वाक्य चुन्याच्या प्रत्येक कामावर कधी ना कधी येतंच. मी नाही म्हटलं आणि उपअभियंत्यांनी ते मोजमाप पुस्तकाजवळ बसून पुन्हा एकदा नाही म्हटलं, त्यामुळे ते टिकलं.

मग २५ मार्चला टाळेबंदी लागली. काम बंद. हौदातला चुना पाण्याखाली तसाच राहिला. मे महिन्यात राज्य सरकारनं खर्चाला कात्री लावली आणि आमच्या रकमेतलाही मोठा भाग गेला. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायची वेळ आली. आम्ही पाण्याची कामं ठेवली, कारण जून तोंडावर होता. हाताशी असलेल्या चार-पाच स्थानिक माणसांना घेऊन, परवानगी काढून, भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक उचलले, खडी काढली, जुनं दगडी गटार मोकळं केलं. बऱ्याच ठिकाणी ते जसंच्या तसं होतं, तळाची फरशी आणि उतारासह. ते जिथं मोडलं होतं तिथं जुन्याच दगडांनी बांधून काढलं. स्वच्छतागृहाचा गाळा पाडला, शोषखड्डा बुजवून नवा लांब केला. पन्हळ बदलली. एवढं करून पावसाळा काढला.

दिवाळीनंतर बाकीचं काम सुरू झालं. नैऋत्य कोपऱ्याचा पाया एका वेळी मीटरभर लांबीचाच उघडायचा, मुरुमापर्यंत खाली जाऊन दगडात बांधून आणायचा, तो धरल्यावर शेजारचा टप्पा सोडून पलीकडचा घ्यायचा, अशा पद्धतीनं खालून आधार दिला. भेग चुना-सुरखीच्या पातळ मिश्रणानं भरली, खालून वर, आपल्या वजनानंच उतरेल तेवढ्या वेगानं. पंपाचा दाब दिला तर भिंतीची दोन अंगं फाकतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना आणि खिडक्यांवर नवे आरपार दगड घातले. हे काम बघण्यासारखं असतं: एक दगड बाहेरून काढायचा, समोरचा आतून काढायचा, मधला भराव हातानं साफ करायचा, आणि अडीच फुटांचा एकच लांब दगड सरकवून चुन्यात बसवायचा. दिवसाला एका जोडीकडून दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाही.

सिमेंटचा गिलावा काढताना दगडाला इजा होऊ नये म्हणून हातोडी-छिन्नीच वापरली. भिंत उघडी झाल्यावर ती महिनाभर तशीच वाळू दिली, वर आलेले क्षार कोरड्या ब्रशनं झाडत. त्यानंतर चुना. नऊ-दहा महिने पाण्यात मुरलेला तो चुना इतका सुरेख झाला होता की मिस्त्रीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. सह्याद्रीच्या रानातला हिरडा कुटून, गुळासोबत भिजवून, त्याचं पाणी गिलाव्यात घातलं. थर पातळ, प्रत्येक थराला सवड, आणि वरून ओली गोणपाटं. कामाचा वेग पाहून कार्यालयातले लोक अस्वस्थ व्हायचे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडाच्या जातीचा होतो आणि त्याला वेळ लागतो, हे भिंतीशेजारी उभं राहून समजावलं की ऐकायचे.

छपराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका कैचीचं टोक भिंतीत कुजलं होतं. ते कापून जुन्या सागवानाचा तुकडा सांध्यानं जोडला, टोकाभोवती हवा खेळेल अशी जागा ठेवली. कौलं उतरवून धुऊन पुन्हा चढवली.

पुढे काय झालं

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पाऊस झाला. पाटण तालुक्यात दरडी कोसळून गावं गेली ते दिवस. रस्ते सुरू झाल्यावर कचेरीत जाऊन पाहिलं. कोपऱ्यात नव्यानं लावलेल्या काचपट्ट्या शाबूत होत्या. गटारात पाणी वाहत होतं आणि ते भिंतीपासून लांब जात होतं. दप्तरखान्याची भिंत तेव्हाही दमट होती, कारण अडीच फुटी भिंत वाळायला वर्षं लागतात. पण ओलीची रेषा छातीवरून गुडघ्याच्या जरा वर आली होती. आता रुमालांच्या मांडण्या भिंतीपासून हातभर पुढे आहेत आणि मागून माणूस जाऊ शकतो.

सगळंच जमलं नाही. उत्तरेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही आणि क्षार तिथल्या दगडात खोल गेले आहेत. तिथला चुन्याचा गिलावा दुसऱ्याच वर्षी खालच्या हातभर पट्ट्यात भुसभुशीत झाला. तो तसा होणार हे अपेक्षित होतं. क्षार गिलाव्यात यावेत आणि दगड वाचावा यासाठीच तो मऊ ठेवला होता. तो पट्टा दर काही वर्षांनी खरवडून नवा करावा लागणार. पण हे ज्यांनी समजून घेतलं होतं त्या अधिकाऱ्यांची बदली झाली, आणि नंतर आलेल्या एकांनी तिथं सिमेंट मारून घ्यावं असा शेरा लिहिला. तो शेरा वेळेत दिसला म्हणून थांबवता आला. तेव्हापासून आम्ही इमारतीच्या फाईलला एक देखभाल पत्रक जोडलं आहे: कुठल्या भिंतीला काय लावलंय, काय लावायचं नाही, गटार मे महिन्याच्या अखेरीस साफ करायचं, पन्हळ कधी तपासायची, काचपट्ट्या कुठं आहेत. एक पान, मराठीत, प्रभारी कार्यालयाच्या नावानं.

तहसील कार्यालय यथावकाश गावाबाहेरच्या सरकारी जागेवर नव्या इमारतीत गेलं. त्यात गैर काही नाही. दोन-चार माणसांसाठी आखलेल्या खोलीत वीस संगणक बसत नाहीत. जुन्या कचेरीत आता दुय्यम निबंधकाचं काम आणि सेतू केंद्र आहे, त्यामुळे दारं रोज उघडतात. निर्लेखनाचा प्रस्ताव दप्तरी दाखल झाला.

निधीच्या कात्रीत जे राहिलं ते अजून राहिलंच आहे. भिंतींच्या माथ्यावर, छपराच्या खाली, चारही बाजूंनी सलग बांधणारा पट्टा आम्ही सुचवला होता. तो पश्चिमेच्या खणात झाला, मधल्या दालनात आणि पूर्वेच्या खणात नाही. भूकंपाच्या जास्त धोक्याच्या भागातल्या दगडी इमारतीला तो सगळीकडे हवा. अर्धा पट्टा असलेली इमारत धक्क्यात दोन तऱ्हांनी वागते आणि मधल्या सांध्यावर ताण येतो, हे पुन्हा एकदा लेखी कळवलं आहे. पुढच्या अंदाजपत्रकात ही बाब पहिल्या क्रमांकावर घेण्याचं ठरलं आहे, दर पृथक्करण तयार आहे, आणि हौदात थोडा चुना अजून पाण्याखाली ठेवला आहे.